जावयाचा डावा पाय

माझ्या जावयासाठी पोलंडमध्ये अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायचं, आणि पुण्याच्या आरटीओत तो मोटरसायकलच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. टाळ्यांबद्दल मी काही बोलत नाही, त्या मी ऐकल्या नाहीत. पण नापास करणाऱ्या साहेबांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. कसले उपकार ते सांगतो. घाई असेल तर नंतर या. अर्धवट ऐकणारी माणसं मला गाडीतही चालत नाहीत.

मी पोपट ओव्हाळ. कर्वेनगरात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. आधी पीएमटीत ड्रायव्हर होतो, कात्रजची बस माझ्याकडं होती. मग नव्वदनंतर देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, ते उघडले. बँका हाका मारमारून कर्ज द्यायला लागल्या आणि ज्यांच्या दारात सायकल असायची त्यांच्या दारात मारुती उभी राहिली. गाडी आली, पण चालवणार कोण? नुसती पुसून ठेवायची माणसं. मी नोकरी सोडली, एक सेकंडहँड मारुती घेतली आणि शिकवायला लागलो. पुढं हिंजवडीत कंपन्या आल्या, त्यांच्या पोरापोरींनी माझ्याकडं रांग लावली. त्यांच्याच जोरावर मी घर बांधलं आणि मुलीला इंजिनिअर केलं. लोक आयटीवाल्यांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.

स्कूलच्या गाडीत एक गंमत असते. शिकवणारा डावीकडं बसतो आणि त्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. माझा उजवा पाय आयुष्यभर तेच काम करत आला. इतकं, की त्याला आता माझी परवानगी लागत नाही. रिक्षात बसलो, समोर बस आली, की पाय दाबला जातो. शेजाऱ्याच्या गाडीत तेच. टीव्हीवर गाडी जोरात वळली तरी सोफ्यासमोरच्या फरशीवर पाय दाबून मोकळा. माझी बायको जया म्हणते, तुमच्या पायाला वेगळा पगार सुरू करा. आमची एकुलती एक मुलगी मैत्री, ती गाडी शिकली ती दुसऱ्याच्या स्कूलमध्ये. बापाचं स्कूल असताना! तेव्हा मला राग आला होता. ती म्हणाली, बाबा, तुम्ही शेजारी असलात की गाडी मी चालवतच नाही, तुमचा पाय चालवतो.

तर ही मैत्री हिंजवडीत नोकरीला लागली आणि कंपनीनं तिला पोलंडला पाठवलं. वर्षभरानं फोन आला की लग्न ठरवलंय. मुलाचं नाव यात्सेक. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून पुढं आमच्या गल्लीत त्याचं आठ दिवसांत येसाजी झालं. पोरगा परदेशी, परधर्माचा, याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावून मुलीला असले प्रश्न विचारायची सोय आमच्या घरात नाही, आणि नको होती. मी एवढंच विचारलं, करतो काय? ती म्हणाली, मोटरसायकलच्या शर्यतीत पळतो, स्पीडवे म्हणतात. म्हटलं ठीक आहे, खेळाडू आहे. मग तिनं एक व्हिडिओ पाठवला.

मातीचा लंबगोल ट्रॅक. चौघे जण, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडची. वळण आलं की हे लोक गाडी सरळ आडवी टाकतात, मागचं चाक मुद्दाम घसरवतात आणि डावा पाय जमिनीला घासत वळतात. एक मिनिटात सगळा खेळ खलास. माझा उजवा पाय पहिल्याच वळणाला फरशीत घुसला. मी मैत्रीला फोन करून विचारलं की हा ब्रेक कधी मारतो. ती म्हणाली, बाबा, त्या गाडीला ब्रेक नसतो.

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं? ज्याचं पोट ब्रेकवर चालतं त्याच्या घरात ब्रेक नसलेला जावई. मी त्या रात्री जेवलो नाही. जयानं मात्र पोटभर जेवण केलं आणि म्हणाली, लग्न मैत्रीला करायचंय, तुमच्या पायाला नाही.

लग्नासाठी ते दोघं पुण्यात आले. उंच, लाजाळू पोरगा, कान लालभडक. आल्या आल्या चपला बाहेर काढल्या, जयाच्या हातची शेंगदाण्याची चटणी कोरडीच खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागितली. जावई म्हणून मी त्याला अहो-जाहो करायला लागलो. त्याला ते कळत नव्हतं, पण अरे-तुरे केलं की जया डोळे वटारायची. दुसऱ्या दिवशी मी त्याला गॅलरीत बसवला आणि मैत्रीला मधे घेऊन विचारलं, ब्रेक का नाही? सरकार परवानगी कशी देतं?

त्यानं हसण्यावारी नेलं नाही. हातातला कप खाली ठेवला आणि सांगितलं, मैत्रीनं मराठीत केलं.

“ब्रेक असला तर कुणीतरी घाबरून दाबेल, आणि मागचा त्याच्यावर आदळेल. ब्रेक नाही म्हणून चौघांनाही ठाऊक असतं की मधेच कुणी थांबणार नाही. भरवसा आहे म्हणून आम्ही एवढे जवळून जातो.”

मला ते पटलं नाही. पांढरे कपडे घालून विहारात लग्न लागलं. त्रिशरण म्हणताना त्याची जीभ अडखळली, पण एक शब्द सोडला नाही त्यानं.

त्यानंतर दर वर्षी ते दोघं हिवाळ्यात यायचे, कारण बर्फात तिकडं शर्यती नसतात. मग मला त्याची एकेक गोष्ट कळत गेली. गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही, ते राहू द्या. वडील साखर कारखान्यात फिटर. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, साखर कारखाना म्हणजे आपल्या ओळखीची गोष्ट. दर रविवारी बाप पोराला खांद्यावर बसवून शर्यत बघायला न्यायचा. सगळं गाव तिथं. पुढं गावच्याच क्लबानं पोराला जुनी गाडी दिली. पहिल्याच मोसमात गळ्याजवळचं हाड मोडलं, आईनं गाडी गोठ्यात लपवली, बापानं परत काढून दिली. शिकत शिकत तो मुख्य संघात आला. क्लब खालच्या गटात रखडलेला. एका वर्षी शेवटच्या शर्यतीवर सगळं येऊन ठेपलं. हा तिसरा होता. शेवटच्या वळणावर सगळे आतून घुसले, हा एकटा बाहेरून, कुंपणाला चाटून गेला आणि पहिला आला. क्लब वर चढला. गावानं त्याला उचलून चौकात नेलं. बेकरीवाली बाई तेव्हापासून त्याच्याकडून पावाचे पैसे घेत नव्हती.

जगज्जेता वगैरे तो कधी झाला नाही. एकदा मोठ्या स्पर्धेत राखीव म्हणून बोलावलं, दिवसभर कपडे चढवून बसला, कुणी आजारी पडलं नाही. हे सांगताना तोच सगळ्यात जास्त हसायचा. आठवड्यातून दोनदा दुसऱ्या देशात जाऊन पळायचा, व्हॅनमध्येच झोपायचा, आणि रविवारी पुन्हा गावासाठी हजर. त्याच्या सामानात एक लोखंडी तळवा असायचा, डाव्या बुटाखाली बांधायचा. जमिनीवर घासत जायला. पुढची कड घासून घासून पातळ झालेली. मी तो हातात घेऊन बघितला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस कष्टाची खातो.

मग दोन हजार दहा साल आलं. मैत्रीचा रडत फोन. त्याच्या पुढचा पोरगा वळणावर पडला. नवाच, पहिल्या मोसमातला. ब्रेक नाहीच. यात्सेकनं गाडी त्याच्यावर जाऊ दिली नाही, सरळ कुंपणाकडं वळवली. तो पोरगा झटकून उठला. यात्सेकची डावी मांडी आणि खुबा मोडला, आत सळई घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की शर्यत संपली. त्या दिवसापासून मी ब्रेकचा विषय पुन्हा काढला नाही. शरम वाटली मला.

गावात राहणं त्याला जड जायला लागलं. बेकरीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे एकच विचारायचे, परत कधी? म्हणून दोन हजार बाराला मैत्रीच्या कंपनीनं तिला हिंजवडीला परत बोलावलं तेव्हा तो एका पायावर तयार झाला. इथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. पण मग काम काय करणार? सकाळी मैत्री कंपनीच्या बसनं जायची, हा गॅलरीत बसून खालची वाहतूक बघायचा. जयाला भाजी निवडून द्यायचा. आमच्या घरात माणूस होता पण त्याचा आवाज नव्हता. आणि तेवढ्यात कळलं की मैत्रीला दिवस गेलेत.

इथं खरी गोष्ट सुरू होते. चाकणला एका कंपनीनं मातीचा ट्रॅक बांधला होता, मोटरसायकली तपासायला आणि पोरांना नीट चालवायला शिकवायला. त्यांना यात्सेकबद्दल कळलं. उडालेच ते. ये म्हणाले, शिकव. कागदपत्रं सगळी झाली, अडलं एकाच ठिकाणी. मोटरसायकलचं लायसन्स पाहिजे. आणि या बाबाकडं ते नव्हतंच. पोलंडमध्येही नव्हतं, कारचं तेवढं होतं. उभ्या आयुष्यात तो रस्त्यावर मोटरसायकल चालवायला गेला नव्हता. मी विचारलं का, तर म्हणाला, रस्त्यावर भीती वाटते, समोरून गाड्या येतात.

यात्सेकचं आणि मैत्रीचं ठरलं होतं. इथं काम लागलं तर राहायचं, नाही तर पोलंडला परत, तिच्या जुन्या ऑफिसात जागा होती. ठरलं तेव्हा मी मान डोलावली, कारण नवऱ्याला गॅलरीत सुकत ठेवणारी मुलगी मी वाढवलेली नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे जयानं मनात पक्कं केलं होतं. डिंक, अळीव, खारका, सगळं आणून डब्यांत भरलेलं. आणि विमानवाले ठराविक महिन्यानंतर गरोदर बाईला बसू देत नाहीत. म्हणजे जायचं तर त्याच महिन्यात. लायसन्स झालं तर मुलगी, नातवंड, जावई सगळे डोळ्यांसमोर. नाही झालं तर विमानतळावर हात हलवायचा आणि घरी येऊन अळीव कुंडीत पेरायचे.

मला काळजी नव्हती. चॅम्पियन माणूस, त्याला आरटीओचा आठ काय अवघड? जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा असतो, त्यावरून हळू गाडी फिरवायची. एकच नियम, पाय जमिनीला टेकता कामा नये.

हसताय ना? मी नाही हसलो तेव्हा. पहिलं वळण डावीकडचं होतं. गाडी कलली, आणि यात्सेकचा डावा पाय असा झोकात बाहेर आला की बघणारी पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. मागच्या चाकानं धुरळा उडवला. साहेब खुर्चीवरून उठले सुद्धा नाहीत. मला ते चांगले ओळखतात, माझी शेकडो पोरं त्यांच्यासमोर गेलीत.

“ओव्हाळ, जावई छान आहेत,” ते म्हणाले. “आठ मारायला सांगितलंय, शेत नांगरायला नाही.”

दुसऱ्या वेळी डावं वळण त्यानं दात आवळून निभावलं, आणि उजव्या वळणावर पाय आला. उजवीकडं त्यानं आयुष्यात शर्यतीत वळण घेतलंच नव्हतं. घाबरला की शरीर आपल्या जुन्या घरी पळतं, त्याचं घर तो डावा पाय. साहेबांनी शेरा मारला आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेनंतर दोन दिवसांनी पोलंडची तिकिटं काढलेली होती. रद्द करता येतील, असं मैत्री म्हणाली खरी, पण बॅगा बाहेर निघाल्या होत्या.

मी मग त्याला हातात घेतला. नदीकाठच्या मोकळ्या मैदानात फक्कीनं आठ काढला, स्कूलची जुनी स्प्लेंडर आणली, आणि रोज सकाळी त्याला तिथं उभा केला. मैदानावर तो माझा विद्यार्थी, म्हणून कडक अहो-जाहो. अहो पाय. अहो, पाय वर घ्या. एकटा असला की पाय निघायचाच. दहातून आठ वेळा. तो वैतागून गाडी बंद करायचा, मांडीवर बुक्की मारायचा, पुन्हा सुरू करायचा. एकदा मोडकंतोडकं मराठी सोडून पोलिशमध्ये काहीतरी बोलला, ते काय असेल ते मला कळलं.

मग मी एक युक्ती काढली. म्हटलं, मी मागं बसतो. शर्यतीच्या गाडीवर मागं कुणी बसत नाही, म्हणजे तुमच्या शरीराला कळेल की ही शर्यत नाही. आणि खरंच, मी मागं बसल्यावर पाय पुष्कळ सुधारला. डावं वळण स्वच्छ. पण उजव्या वळणावर गाडी अचानक डचमळायची आणि पाय टेकायचा. रोज. नेमकं तिथंच. मी रोज नव्यानं कारण शोधायचो. टायरची हवा, फक्कीचा उंचवटा, त्याचा खुबा. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा गाडीला किक मारायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जया चहाचा थर्मास घेऊन मैदानात आली. दगडावर बसून तिनं आमच्या पाच-सहा फेऱ्या बघितल्या. मी उतरून घाम पुसत तिच्याकडं गेलो आणि म्हटलं, काय करावं कळत नाही, उजवीकडं याचा पाय येतोच. तिनं चहा ओतला.

“त्याचा येतो तो नंतर,” ती म्हणाली. “आधी तुमचा उजवा पाय दाबला जातो. गाडी हलते, मग बिचारा तो पाय टेकवतो.”

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. आणि यात्सेककडं बघितलं. तो मान खाली घालून हँडलवरची माती नखानं काढत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मागं बसलेला माणूस फुटरेस्टवर जोर देतोय हे गाडी चालवणाऱ्याला कळणार नाही होय? पण सासऱ्याला कसं सांगायचं म्हणून गप्प. नोकरी जाईल, घर उठेल, पण वडीलधाऱ्याची चूक काढायची नाही. मला भडभडून आलं. चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, चला, परत.

पाय सांगून ऐकणारा असता तर प्रश्न नव्हता. पहिल्या फेरीला दाबला. दुसऱ्या फेरीला दाबला. तिसऱ्या फेरीला मी डोळे मिटले, तर आणखीच जोरात दाबला. मग मी काहीच न करता नुसता त्याच्या पाठीकडं बघत बसलो. रुंद पाठ, शर्ट घामानं चिकटलेला. मला ते कुंपण आठवलं. या माणसानं एका अनोळखी पोराला वाचवायला स्वतःचं हाड मोडून घेतलं, आणि मी मागं बसून त्याच्यावर ब्रेक मारतोय. कुणाला थांबवतोय मी? त्या फेरीला आम्हा दोघांचे चारही पाय जागेवर राहिले. पण त्यानंतर मी उतरलो आणि तो एकटा गेला, तर पाय पुन्हा आला. ऊन चढलं आणि आम्ही घरी आलो.

परीक्षेच्या दिवशी मी साहेबांकडं जाऊन खरं ते सांगितलं. गडी ब्रेक नसलेल्या गाडीवर वाढला, एकटा असला की पाय सुटतो, मी मागं असलो की राहतो. म्हटलं बघा काही होतंय का. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“डबलसीट आठ मारणं जास्त अवघड असतं, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होय?” ते म्हणाले. “अवघड परीक्षा द्यायची हौस असेल तर माझी ना नाही. बसा मागे. पण ओव्हाळ, पाय कुणाचाही टेकला तरी नापास. तुमचाही.”

मी मागं बसलो. पोरंसोरं, एजंट, बायामाणसं, सगळे कडेला उभे. माझ्या डोक्यात बॅगा होत्या, डब्यातला डिंक होता, मैत्रीचं पोट होतं. यात्सेकनं मागं न बघता विचारलं, “बाबा, ठीक?” मी म्हटलं ठीक.

डावं वळण आलं आणि गेलं. मधली रेघ ओलांडली. उजवीकडं गाडी कलली आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या पट्ट्यावर एक मुलगी स्कूटी घेऊन धाडकन पडली. कुणीतरी ओरडलं. माझ्या मांडीचा स्नायू उठला, अगदी उठला, मला जाणवला. सगळं आयुष्य मी त्याच आवाजावर पाय दाबत आलो होतो. मी तो दाबला नाही. कसा ते मला सांगता येणार नाही. समोर ती पाठ होती, ती जराही दचकली नव्हती. मी मनात एवढंच म्हटलं, हा मधेच थांबणार नाही, आपणही थांबायचं नाही. गाडी वळत राहिली, वळली, रेघेवर आली, आठ पूर्ण झाला.

आणि मग जे झालं ते आरटीओत आजही सांगतात. यात्सेकनं गाडी हळू केली, थांबवली. गाडी थांबली की पाय टेकवायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याच्या डोक्यात एकच, पाय टेकवायचा नाही. माझ्या डोक्यात तेच. दोघंही पाय वर धरून बसलो, एकमेकांच्या भरवशावर, आणि गाडी आम्हाला घेऊन शांतपणे आडवी झाली. लागलं काही नाही. धुळीत पडल्या पडल्या मी त्याच्याकडं बघितलं, तर तो हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुण्यात आल्यापासून त्याला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग मलाही आवरेना.

साहेब आमच्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

“आठ झाला, पास,” ते म्हणाले. “थांबायची परीक्षा मी घेत नाही, ते घरी शिका. आता उठा, मागे लोक खोळंबलेत.”

मी उठलो आणि त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांना आवडलं नाही, पण मी केला. पहिल्याच वेळी त्यांनी ओळखीखातर सही ठोकली असती, तर जावई चाकणला गेला असता, आणि त्याच्या मागं बसायची वेळ माझ्यावर जन्मात आली नसती. उपकार म्हणतो ते हे.

घरी पोचलो तेव्हा आम्ही दोघं नखशिखांत मातीत माखलेले. मैत्री दारात उभी होती. आमची अवस्था बघून तिचा चेहरा उतरला, तिला वाटलं, पडले म्हणजे गेलं. यात्सेकनं खिशातून पावती काढून तिच्या हातात दिली. तिनं त्यावरचा साहेबांचा शेरा वाचला, ‘पास, डबलसीट’, पुन्हा वाचला. मला वाटलं आता नवऱ्याच्या गळ्यात पडेल. पण ती माझ्या उजव्या पायाकडं बघत होती.

“डबलसीट? बाबा, तुम्ही मागं बसला होता?” तिनं विचारलं. “आणि पाय?”

“वरच होता,” मी म्हटलं.

तिचा विश्वास बसेना. तिनं यात्सेककडं बघितलं, त्यानं मान हलवली. मग पोरगी रडायला लागली, पोटावर हात ठेवून, दारातच. जया आतून बाहेर आली, तिघांकडं बघितलं आणि डिंकाचा डबा काढायला परत आत गेली. मैत्रीनं डोळे पुसले आणि म्हणाली की दवाखान्यात जायची वेळ आली की गाडी यात्सेक चालवेल, मी मागं बसेन, आणि पुढं शेजारी बाबा, तुम्ही बसा.

तसंच झालं. भर गर्दीची वेळ होती, कर्वे रस्ता तुंबलेला, मागं ती कळा देत होती. मी पुढं बसलो होतो, स्कूलचीच गाडी, पायाशी तो ब्रेक. मी चपला काढून दोन्ही पाय सीटवर मांडी घालून घेतले आणि जावयाला म्हटलं, चल रे बाळा, नीट ने.

त्यानं नीट नेलं. माझी नात इंदु आता शाळेत जाते.